निम्म्या वाक्यावरचं सोलर

माझ्यात एक गुण आहे. जन्मजात! समोरच्याचं वाक्य निम्मं झालं की पुढचं निम्मं मला आपोआप कळतं. मग त्याचा वेळ उगीच कशाला घालवायचा? मीच ते पुरं करतो आणि कामाला लागतो. शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं कारकुनी केली ती याच जोरावर. हेडमास्तरांनी "किशन, जरा ते..." म्हणायचा अवकाश, मस्टर त्यांच्या टेबलावर! आता कधी कधी त्यांना मस्टर नको असतं, चहा पाहिजे असतो, ते सोडा. दहात आठ वेळा माझं बरोबर येतं. बरं, सहा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमचं सोलर.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे. गल्लीत पिढ्यान् पिढ्या माग. पाव्हणा आला तर पहिले दोन दिवस त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागतं, इतका खडखडाट! आमच्या घरात एकेकाळी करंटवरचे चार माग होते. आता एक राहिलाय, पुढच्या सोप्यात, आणि त्याच्याबरोबर राहिलेत माझे वडील जोतिरामआप्पा. वय चौऱ्याहत्तर. कान मंद झालेत, डोळे चाललेत, पण कापडावरनं नुसता हात फिरवून कुठला धागा तुटलाय ते सांगतात.

माझ्या लेकीचं, राणीचं लगीन निपाणीत ठरलं. तारीख निघाली मे महिन्यातली. आमच्या घरात रीत अशी, की लेकीच्या अंगावर अक्षता पडताना साडी घरच्या मागावरची पाहिजे. आप्पांनी जाहीर करून टाकलं, "राणीची साडी मी विणणार. शेवटची. मग डोळं न्हाय म्हणून सोडतो."

डाळिंबी अंग, मोरपंखी काठ. रेशीम आप्पांनी स्वतः रंगवून घेतलेलं, मागाच्या बीमवर चार साड्या होतील एवढा ताणा, म्हणजे उभा धागा, भरलेला. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात करंटनं आमच्याशी वैर धरलं! लाईनवरच्या फांद्या तोडायच्या म्हणून बंद, तारा ओढायच्या म्हणून बंद. विणता विणता मधेच माग थांबला की त्या जागी कापडात बारीकशी आडवी रेघ उमटते. एक साडी अशी गेली. दुसरी गेली. रात्री विणावं तर दिव्याखाली आप्पांना रंग दिसत नाही.

दुसरी साडी उजेडात धरून आप्पा म्हणाले, "बघ ही रेघ."

मला कसली रेघ दिसते? "कुठं काय हाय आप्पा?"

"तुला न्हाय दिसायची. मला दिसती. माझ्या नातीच्या अंगावर ही घालू व्हय?" त्यांनी साडीची घडी घातली. मग म्हणाले, "किशन, मी काय म्हणतो, माळ्यावर आपला..."

"माळ्यावर न्हाय आप्पा, गच्चीवर!" मी उडीच मारली. "सोलर गच्चीवर बसतंय! मलाबी तेच सुचलं हुतं!"

"सोलर?" आप्पांचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. मला वाटलं, आनंदानं बोलणं सुचेना.

"शब्द देतो आप्पा! अख्ख्या वडगावात करंट नसला तरी तुमचा माग थांबायचा न्हाय!"

सोलर बसवणारा माणूस घरातलाच होता. माझा मेव्हणा शामू, निपाणीचा. आधी तंबाखूच्या वखारीत होता, आता गावोगाव पॅनेल बसवत फिरतो. रविवारी आला, गच्ची बघितली, टेप लावली, चहा प्याला.

"दाजी, एक सांगतो. बॅटरी न्हाय घेतली तर लाईन गेल्यावर..."

"बॅटरी नको!" मी हात वर केला. "कळलं मला. आमच्या शाळेत हाय की बॅटरी! पाणी घाल, ॲसिड पूस, शिपाई अर्धा झाला त्यात. बिनबॅटरीचं बसव."

"तसं न्हवं दाजी, बिनबॅटरीचं म्हणजे..."

"म्हणजे कटकट न्हाय! पुढं चल."

शामूनं बहिणीकडं बघितलं. सुवर्णा, म्हणजे आमची मंडळी, लसूण सोलत होती. ती म्हणाली, "शामू, तू गप चहा पी. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मी अजून एक वाक्य पुरं केलेलं न्हाय."

मग आलं साईझ काढायचं काम. किती मोठं सोलर लागणार? मी शाळेची जुनी डायरी काढली आणि घरातली एकूण एक वस्तू लिहिली. मागाची मोटर एक एचपी. फ्रिज. टीव्ही. पंखे पाच. डोशाचा ग्राइंडर. लग्नाच्या पाव्हण्यांचे मोबाईल, धरून चाला साठ. मांडवातल्या लायटिंगच्या माळा. जावई पहिल्या दिवाळीला येणार, त्याला उकडलं तर? एक एसी. बेरीज केली. नऊ किलोवॅट!

शामूनं आपल्या इंजिनियरला आणलं. नागराज त्यांचं नाव. पन्नाशीचा भारदस्त माणूस, मिशा झुपकेदार. घरात कन्नड, मराठी समजायचं सगळं, पण बोलताना निम्मं निम्मं. त्यांनी माझी डायरी शांतपणे वाचली.

"सर, एसी इल्ला."

"आज न्हाय, पण..."

"साठ मोबाईल येकदम चार्ज नाही करत, सर." त्यांनी पेन काढलं आणि माझी यादी खोडत खोडत खाली आले. मळ्यातलं तण काढावं तसं एकेक उपटून टाकलं. शेवटी राहिला माग, फ्रिज आणि पंखे. "तीन किलोवॅट. सहा पॅनेल. भरपूर." मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "येक इंपॉर्टंट सांगतो. सर, करंट होद्र..."

करंट होद्र म्हणजे करंट गेला तर. एवढं कन्नड मला येतं! बेळगावात जन्म गेलाय!

"करंट होद्र सोलर! बरोबर?" मी त्यांची पाठ थोपटली. "त्याच्यासाठीच तर बसवालोय, नागराज सर!"

नागराज सरांनी शामूकडं बघितलं. शामूनं आभाळाकडं बघितलं.

पॅनेल उभी करायच्या दिवशी सुवर्णा कमरेला पदर खोचून गच्चीच्या दारात उभी.

"गच्ची माझी हाय. रुखवताच्या कुरड्या मी कुठं घालू? तुमच्या टकलावर?"

"अगं, उंच बसवू की! धा फुटावर! खालची गच्ची सगळी तुझीच!"

आणि मी खरंच दहा फुटी सांगाडा करायला लावला. जाड पाईप, कोपऱ्यांत काँक्रीट. झाला मांडव तयार. आता पॅनेलची तोंडं कुठल्या दिशेला? नागराज सर म्हणाले, दक्षिणेला. झालं!

"घरात लगीन हाय आन् दक्षिणेला तोंड?" सुवर्णा कडाडली. "आपल्यात दक्षिणेला तोंड करून ताट बी मांडत न्हाईत! सौंदत्तीकडं करा. यल्लम्माकडं."

"मॅडम, सौंदत्ती ईस्ट. दुपारनंतर जनरेशन कमी."

"यल्लम्मापेक्षा तुमचं जनरेशन मोठं व्हय?"

नागराज सरांनी हातातला पाना खाली ठेवला आणि आधी हात जोडले. शेवटी शामूनं तोडगा काढला. "आक्का, तोंड दक्षिणेला न्हाय, सूर्याला हाय. आपला सूर्य थोडा तिकडनं जातोय, त्याला आपण काय करणार?" सुवर्णा विचारात पडली. मग खाली जाऊन लिंबू-मिरच्या घेऊन आली आणि सरळ पहिल्या पॅनेलवर लोंबत्या बांधल्या.

"मॅडम! शॅडो!"

"येवढ्याशा लिंबाची कसली शॅडो?"

लिंबू तासाभराच्या चर्चेनंतर पाईपवर गेलं. मग पूजा. आमच्यात नवीन यंत्राला हळदकुंकू लावून, त्याच्याच कोपऱ्यावर नारळ फोडतात. आप्पांनी जन्मभर तेच केलं. चार पायऱ्या शिडी चढले, डोळे मिटले, जय जोतिबा म्हणाले आणि हात उचलला.

"ग्लाऽऽस! ग्लास! अज्जा, ग्लाऽऽस!"

पन्नाशीचा, भारदस्त, झुपकेदार मिशांचा तो माणूस सांगाड्यावरनं झेपावला आणि त्यानं तो नारळ पॅनेलपासून वीतभरावर दोन्ही हातांत झेलला! खाली गल्लीत टाळ्या पडल्या. नारळ शेवटी उंबऱ्यावर फुटला. नागराज सर पाणी पिऊन पाच मिनिटं भिंतीला टेकून बसले. तेवढ्यातसुद्धा त्यांनी एकदा बोट वर करून "सर, करंट होद्र..." सुरू केलं होतं. मी त्यांच्या तोंडात खोबरं घातलं.

मीटर बसलं, सोलर सुरू झालं. त्या चार दिवसांत करंट काही गेला नाही. मोबाईलवर बघायची सोय होती. किती बनलं, किती बनालंय, हिरवी रेघ कुठवर चढली! मी शाळेत दर पिरियडला शिक्षकांना हिरवी रेघ दाखवू लागलो. गणिताचे मास्तर मी दिसलो की स्टाफरूमच्या मागच्या दारानं जाऊ लागले. घरी सुवर्णा मात्र धुमसत होती. पॅनेलखाली दिवसभर गार सावली!

"सावलीत कुरड्या वाळत्यात व्हय? गच्ची दिली म्हणे! ऊन कुठाय त्यातलं?"

कुरड्या शेजारच्या गच्चीवर गेल्या. लग्न वीस दिवसांवर आलं. आणि पेपरात बातमी आली: येत्या मंगळवारी दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वीजपुरवठा बंद.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी पेढे आणले! शाळेत रजा टाकली, गल्लीत फिरलो. "मंगळवारी धाला या! सगळ्या वडगावात माग गप, आन् आमच्या आप्पांचा चालू! स्वतःच्या कानांनी ऐका!"

बीमवर आता दोनच साड्यांचा ताणा उरला होता. सोमवारी आप्पांनी मला विचारलं, "किशन, नक्की न्हवं? थांबलं तर पुन्ना एक साडी जाती."

"आप्पा, शब्द दिलाय मी!"

"मग धरतो." एवढंच म्हणाले. मंगळवारी पहाटे आंघोळ करून, मागाला उदबत्ती लावून त्यांनी सातला खटका दाबला. मधे उठले नाहीत, चहासुद्धा प्याले नाहीत. पावणेदहाला वीस-पंचवीस माणसं सोप्यात आणि दारात गोळा झाली. शामू आणि नागराज सरही आले होते, सत्कारासाठी. दोन हार आणले होते मी. कापड गुंडाळीवर सरकत होतं, डाळिंबी, लखलखीत, कुठं एक डाग नाही. राणी आजोबांच्या मागं उभी होती. तिच्या चेहऱ्याकडं बघून माझेच डोळे भरून आले.

दहा वाजले. कोपऱ्यावरच्या खांबावर लाईनमन रवळू चढलेला दिसत होता. पलीकडच्या घरचा माग थांबला. त्याच्या पलीकडचा थांबला. गल्ली कशी एकदम बहिरी झाल्यासारखी झाली. मी हात वर केला आणि ओरडलो, "आता ऐका!"

खड. खड... ख.

आप्पांचा माग थांबला.

दारातली म्हातारी मालुबाई म्हणाली, "ऐकालोय की रं. काय ऐकायचं?"

मी गच्चीवर पळालो. वर ऊन रणरणतंय, सहाही पॅनेल झगझगतायत! खाली आलो, भिंतीवरचं सोलरचं मशीन थोपटलं, मोबाईल हलवला. हिरवी रेघ शून्यावर झोपली होती. "नागराज सर! बिघडलं! तुमचं मशीन बिघडलं!"

नागराज सर पुढं आले. त्यांनी आधी माझ्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले, मी थोपटू नये म्हणून. आणि पंचवीस माणसांसमोर, दीड महिन्यानं, त्यांचं वाक्य पुरं झालं.

"सर, करंट होद्र, सोलारनू बंद. करंट गेला तर, सोलर पण बंद. बिनबॅटरीचं असंच. मशीन स्वतः बंद होतंय."

"का पण? ऊन हाय की!"

उत्तर खांबावरनं आलं. रवळूला वर सगळं ऐकू जात होतं. "किशनअण्णा, मी हितं तारेला हात लावून बसलोय! तुमचं सोलर चालू राहिलं असतं तर तुमचा करंट उलटा तारेत आला असता की! मी भाजून खाली! मला बी दोन लेकरं हाईत!"

"त्यासाठीच बंद होतंय, दाजी," शामू हळूच म्हणाला. "मी सांगालोतो..."

"मग पुरं का सांगितलं न्हाईस?" मी ओरडलो. आणि सगळी गल्ली माझ्याकडं बघत राहिली. सुवर्णासुद्धा. तिनं टोमणाही मारला नाही, नुसतं बघितलं. त्याचं जास्त लागलं.

माणसं पेढा घेऊन पाय न वाजवता निघून गेली. हार तसेच पिशवीत. बॅटरी आत्ता बसवता येईल का, म्हणून मी शामूच्या मागं लागलो. मशीनच बदलावं लागणार, महिना तरी लागणार. लग्न सोळा दिवसांवर! आप्पा मागावरच बसून होते, कापडावर तळहात ठेवून. त्या रेघेवर. मी जवळ गेलो. माझ्या बापाचा शेवटचा शब्द होता तो नातीला दिलेला, आणि मी त्याच्यावर माझा शब्द बांधून दोन्ही घालवले होते.

"आप्पा, चुकलं माझं," मी म्हणालो. "मी उद्याच शहापुरात जातो, चांगली साडी..."

"किशन."

"...दुकानात डाळिंबी..."

"किशन! आता माझं वाक्य पुरं हुईपर्यंत तू तोंड उघडायचं न्हाय." आप्पा माझ्यावर कधी ओरडलेले मला आठवत नाही. मी तोंड मिटलं. "मी मार्चात काय म्हणालतो? किशन, माळ्यावर आपला... आठवतंय?"

मी मान हलवली.

"माळ्यावर आपला जुना हातमाग हाय. तो खाली काढून दे. झालं. येवढंच म्हणायचं हुतं. त्याला करंट लागत न्हाय, थांबला तर रेघ पडत न्हाय. तुझ्या आजोबांचा हाय. तू सोलरवर बसलास, मी गप बसलो. म्हणलं पोरगं आनंदात हाय, असंल कायतरी सोय त्यात."

पाच शब्दांचं वाक्य होतं हो! पाच शब्द ऐकले असते तर!

त्याच दुपारी मी, शामू आणि नागराज सर माळ्यावर चढलो. तीस वर्षांची धूळ. खांब, फणी, पावड्या, धोटा, सगळं दोरीनं नीट बांधून ठेवलेलं. पण उभा कुठं करायचा? सोप्यात मोठा माग. आतल्या खोलीत लग्नाचं सामान. परड्यात रणरणतं ऊन. आप्पा काठी टेकत एकेक जागा बघत गच्चीवर आले आणि तिथं थांबले. वर बघितलं. खाली बघितलं. वारा घेतला.

"हितं," ते म्हणाले. "कसली झक्कास सावली हाय! उजेड बी भरपूर. ह्यो मांडव कुणी केला रं?"

"मी," मी म्हणालो.

"बेस केलास."

दीड महिन्यात माझ्या सोलरचं कुणी केलेलं ते पहिलं कौतुक!

हातमाग पॅनेलखाली उभा राहिला. नागराज सरांनी त्याचे खांब सोलरच्याच पाईपला नटबोल्टनी असे आवळले की आप्पा खूष. शेवटचा ताणा बीमवरनं उतरवून नव्यानं ओढायला गल्लीतली चार घरं आली. आणि मग रोज सकाळी वरनं यायला लागलं, ठक, ठक, ठक. बारा दिवस! करंट येत होता, जात होता, आप्पांना पत्ता नव्हता. आप्पा पावडी दाबायचे, दमले की थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा धरायचे. धोट्यात बसवायच्या रेशमाच्या कांड्या मी भरायचो. सुवर्णा सुपारी कातरत बसायची आणि एकदा म्हणालीसुद्धा, "सावली बरी हाय की हो." पुढं आणखी काहीतरी म्हणणार होती. मी थांबलो. ती पण थांबली, कारण तिला सवयच नव्हती!

अक्षता पडल्या तेव्हा राणीच्या अंगावर ती साडी होती. आप्पा पहिल्या रांगेत, खुर्चीवर. राणी वाकली तेव्हा त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी काठावरनं हात फिरवला, शेवटपर्यंत, सावकाश. "एक रेघ न्हाय," ते म्हणाले, आणि टोपी काढून डोळे पुसले. मी पण पुसले. नागराज सर पण पुसत होते, मिशांसकट.

आता एवढ्यावर शहाणपण यायला पाहिजे की नाही माणसाला?

परवा निपाणीहून आमच्या व्याह्यांचा फोन. "किशनराव, तुमच्या गच्चीवर ते बघितलं न्हवं, आमच्या मंडळींनी लईच मनावर घेतलंय. आम्हाला बी तसलंच..."

"कळलं!" मी म्हणालो. "काळजी सोडा! उद्या माणूस येतोय!"

आणि शामूला पाठवला. त्यानं जाऊन शिडी लावली, टेप धरली, व्याह्यांच्या गच्चीवर खडूनं सहा चौकोन आखले. दुपारी त्याचा फोन. "दाजी, ह्यांना सोलर नको हाय. विहिणबाईंना साडी पायजे. राणीच्यासारखी."

मी फोन ठेवून वर गेलो. आप्पा हातमागावरच होते. सोडतो म्हणालेले, अजून सुटलेला नाही. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्याकडं बघून गंभीरपणे म्हणाले, "किशन, आता तरी..."

मी दोन्ही ओठ दातांत धरले. हलायचं नाही! पुरं वाक्य ऐकायचं! मुलाच्या पन्नाशीत बाप काहीतरी मोलाचं सांगणार, ते अर्धं राहायला नको.

आप्पांनी सावकाश दम घेतला.

"...आता तरी कांड्या भर. कवाच्या संपल्यात."